बदलापूरचा फ्लॅट, खानापूरचं घर

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपण मराठीत म्हणतो. कन्नडातही हीच म्हण आहे, ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’. आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन्ही ऐकू येतात, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून. पण या म्हणी ज्या काळी तयार झाल्या, त्या काळी घर बांधावंच लागत होतं. चौथ्या मजल्यावर, खाली दुसऱ्याचं छप्पर आणि वर दुसऱ्याची फरशी असं घर विकत घ्यायचं, ही कल्पनाच कुणाला नव्हती. आता बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडे जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहिली आहेत. खानापूरच्या रस्त्याला लागावं तर ‘एनए प्लॉट’चे फलक दोन्ही भाषांत दिसतात. आमच्या स्टाफरूममध्ये कर्जाचा हप्ता आणि पगारवाढ यांच्या खालोखाल चर्चा होते ती हीच : बेळगावात फ्लॅट घ्यावा, की थोडं लांब जाऊन स्वतःचं घर बांधावं?

मी खानापुरात राहते आणि बेळगावच्या एका कॉलेजात शिकवते. एका बाजूनं सुमारे २६ किलोमीटर. म्हणजे ‘लांब जाऊन स्वतःचं घर’ या पक्षातली मी. माझी धाकटी बहीण दुसऱ्या पक्षातली. ती बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहते आणि तिचे यजमान रोज दादरला नोकरीला जातात. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे बारा दिवस राहून आले. निमित्त थोडं नाजूक होतं. तिच्या सासऱ्यांचं खानापुरातलं घर बंद आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. ते घर विकावं का, असा विषय घरात निघाला होता आणि ‘ताई, तू ये, तुला तिथले भाव माहीत आहेत’ असा तिचा फोन आला होता.

मुंबईच्या पाठीमागचं गाव

बेळगावहून दादरकडे जाणारी गाडी भोर घाट उतरली की कर्जत, नेरळ, वांगणी आणि मग बदलापूर लागतं. पण आपण उतरायचं कल्याणला. तिथून लोकल पकडून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत पुन्हा मागं बदलापूरला यायचं. बहिणीच्या इमारतीची पाण्याची टाकी आधी गाडीच्या खिडकीतून दिसते आणि तासाभरानं आपण तिच्याच दारात उभे राहतो. नव्या माणसाला गंमत वाटते. तिथल्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या सगळ्या हिशेबांत अंतर नसतंच, असते ती लोकलची वेळ.

मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. स्टेशन ज्या भागात आहे ते मूळचं कुळगाव, म्हणून नगरपालिकेचं नावही कुळगाव-बदलापूर. जुनं बदलापूर गाव रुळांच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईत वन रूम किचनही परवडत नाही अशा माणसानं डोंबिवली पाहायची, तिथलं परवडेना की कल्याण, तेही परवडेना की अंबरनाथ आणि मग बदलापूर. पगार मुंबईचा आणि घर बदलापूरचं, या दोन्ही टोकांना बांधणारी दोरी म्हणजे लोकल.

मेहुणे सकाळी पाच वाजता उठतात. सहा बाराची लोकल चुकली तर पुढच्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते. आधी शेअर रिक्षा, मग लोकल, मग दादरला उतरून बस. संध्याकाळी तेच उलट. रात्री नऊ वाजता दार उघडतं, तेव्हा हातातली बॅगही दमलेली वाटते. जाण्यायेण्याचे मिळून चार तास धरले आणि वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले, तर ११२० तास होतात. म्हणजे वर्षातले ४६ दिवस आणि ४६ रात्री रस्त्यात. हा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘ताई, हा कागद ऑफिसात नका पाठवू, तेवढी रजा कापतील.’

घर कुणाचं?

माझा मूळ हिशेब मात्र वेगळाच होता. तिथं राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की घरातला प्रत्येक माणूस त्या घरात जागेपणी किती तास असतो हे कुणी मोजतच नाही. मेहुणे सकाळी पाऊण तास आणि रात्री दीड तास. मुलं शाळा-क्लास वगळून पाच-सहा तास. माझी बहीण बारा-तेरा तास. आणि तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते सोळा तास.

फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? मेहुण्यांच्या. कर्ज कुणाच्या नावावर? त्यांच्याच. घेताना स्टेशनपासून किती मिनिटं, हप्ता किती, पुढं भाव किती वाढेल हे कुणी पाहिलं? त्यांनीच. यात त्यांचा काही दोष नाही. सगळीकडे असंच होतं. नोकरीसाठी लांब जाणाऱ्यांच्या गावात घर घेणारा एक असतो आणि घरात राहणारे दुसरेच असतात. फ्लॅट की स्वतंत्र घर, हा प्रश्न आपण घेणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. तो राहणाऱ्याच्या तोंडून ऐकला तर पुष्कळदा उत्तर बदलतं.

अण्णा खानापूर तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झालेले. घरात मराठी, शाळेत कन्नड, कचेरीत दोन्ही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यावर ते दोन वर्षं खानापुरात एकटे राहिले. एका पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि सकाळी दूध घालायला येणारी बाई येईपर्यंत तसेच पडून राहिले. त्या दिवसानंतर मुलानं त्यांना बदलापूरला आणलं. त्यामुळे ‘गावचं मोकळं घर चांगलं आणि शहरातला कोंदट फ्लॅट वाईट’ असं सोपं गणित या घरात तरी मांडता येत नाही. मोकळ्या घरानंच त्यांना पाच तास फरशीवर पडू दिलं होतं.

बदलापूरला काय झालं तेही सांगते. मागच्या वर्षी रात्री साडेआठला अण्णांना घेरी आली. मेहुणे गाडीत होते आणि गाडी ठाण्याच्या पुढं अडकली होती. बहिणीनं समोरच्या दारावर थाप मारली. समोरच्या गृहस्थांनी आपली मोटार काढली, त्यांच्या बायकोनं मुलांना आपल्याकडे जेवायला घेतलं, खालच्या मजल्यावरचा मुलगा लिफ्ट धरून उभा राहिला. वीस मिनिटांत अण्णा डॉक्टरसमोर होते. एका जिन्यावर चार दारं असण्याचा हा फायदा आहे आणि तो कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो.

मग अडचण कुठं आहे? ती सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात आहे. मी अण्णांबरोबर ते तास काढले. खाली बाकावर ऊन येईपर्यंत बसता येतं. मग वर. दार लावलेलं, कारण सगळेच दारं लावून घेतात. खिडकीतून दिसते ती समोरच्या विंगची खिडकी. दुपारी लिफ्ट बंद पडली तर चार मजले उतरायचा धीर होत नाही. खानापुरात ते फाटकाजवळ नुसते उभे राहिले तरी तासात दहा माणसं बोलून जायची. इथं ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे सहा बाराच्या लोकलमध्ये. कन्नड बोलायला तर स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर जावं लागतं. अण्णा आठवड्यातून दोनदा इडली खायला जातात. इडली अर्धी खातात आणि बोलतात पाऊण तास.

एका दुपारी ते मला म्हणाले, ‘अल्लि मने इदे, मंदि इल्ल. इल्लि मंदि इद्दारे, मने इल्ल.’ तक्रारीचा सूर नव्हता. वर्गात फळ्यावर उदाहरण लिहावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मीटिंग, लिफ्ट आणि जमीन

त्या बारा दिवसांत एक रविवार आला आणि सोसायटीची मीटिंग पाहायला मिळाली. फ्लॅटमध्ये राहणं म्हणजे काय, हे त्या दोन तासांत जेवढं कळलं तेवढं एरवी कळलं नसतं. विषय होता लिफ्टची दुरुस्ती. तळमजल्यावरच्या एका सभासदांचं म्हणणं, ‘आम्ही लिफ्ट वापरतच नाही, तर पैसे का द्यायचे?’ सेक्रेटरींनी शांतपणे उपविधींचं पुस्तक काढलं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, वापर करा अथवा करू नका. सेवाशुल्कही सगळ्यांना सारखं. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधीसाठी दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी.

स्वतःच्या घरात यातलं काहीच नसतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर सगळंच असतं, फक्त कुणी बिल पाठवत नाही. आमच्या खानापूरच्या घराला मे महिन्यात कौलं परतून घ्यावी लागतात आणि ते काम येणारी माणसं आता शोधून मिळत नाहीत. आमचं खानापूर स्वतः कौलांचं आणि मातीकामाचं गाव, तरीही ही अवस्था. विहिरीची मोटर, चौकटीची वाळवी, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, परसात निघणारं जनावर, ही सगळी आमची ‘मेंटेनन्स’. सिंकिंग फंड मात्र आम्ही कुणी बाजूला टाकत नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांनी छप्पर काढायची वेळ आली की सोसायटीवर लढणारा माणूसही सोनं गहाण ठेवताना दिसतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. बहिणीच्या इमारतीला चौदा वर्षं झाली, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीचा १९६३ चा कायदा आहे, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. सोसायटी नोंदली गेल्यावर बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावी, असं तो सांगतो. बिल्डरनं टाळलं तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवता येतं. ही सोय २००८ च्या दुरुस्तीनं आली. उद्या इमारत जुनी होऊन पाडायची झाली तर या कागदावाचून सोसायटीचं पाऊल पुढं पडत नाही. पण मीटिंगमध्ये हा विषय शेवटचा होता आणि तोवर निम्मे लोक उठून गेले होते. ज्यांना पाचला उठायचं असतं त्यांना तीस वर्षांनंतरची काळजी रविवारी दुपारी सुचत नाही.

आपल्या बाजूला पद्धत वेगळी आहे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. कर्नाटकात १९७२ चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. इथं खरेदीपत्रात फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभाजित हिस्सा लिहिलेला असतो. तो किती चौरस फूट आहे हे वाचल्याशिवाय सही करू नये. प्लॉट घेणाऱ्यांनी शेतजमिनीचं बिगरशेती रूपांतर झालं आहे का, लेआउट मंजूर आहे का हे पाहावं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११ मागावेत. ‘पुढं होईल’ या शब्दावर पैसे मोजू नयेत. दोन्ही राज्यांत लागू असलेला रेरा कायदा २०१६ चा. त्यानं कार्पेट एरिया म्हणजे काय ते ठरवून दिलं आहे, त्यामुळे ‘सुपर बिल्टअप’च्या मोठ्या आकड्याला भुलायचं कारण नाही. पार्किंगबद्दलही तसंच. मोफाखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे, की इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही.

वांगणीचं रो हाउस

घर विकून काय करायचं, याचे दोन बेत होते. एक, त्याच इमारतीत टू बीएचके घ्यायचा. दुसरा, वांगणीच्या बाजूला रो हाउस घ्यायचं. अण्णांना अंगण मिळेल, तुळस लावता येईल, असा मेहुण्यांचा विचार. विचार प्रेमाचाच होता. आम्ही दोघी बहिणी अण्णांना घेऊन ते पाहायला गेलो.

वांगणी हे बदलापूरनंतरचं पुढचंच स्टेशन, पण मधे अंतर बरंच आहे. शिवाय बदलापूरला संपणाऱ्या लोकल तिथं जात नाहीत, फक्त कर्जत-खोपोलीकडे जाणाऱ्या जातात. म्हणजे मेहुण्यांचे चार तास साडेचार-पाच होणार. स्टेशनपासून रिक्षानं वीस मिनिटं. घरं टुमदार होती. पुढं पायरी, मागं हातभर जागा, डोंगर समोर. पण दुपारी बारा वाजता त्या साऱ्या गल्लीत एक वॉचमन आणि दोन कुत्री सोडून कुणी नव्हतं. बहुतेक घरांना कुलूप. शनिवार-रविवारपुरती माणसं येतात म्हणे. पाणी टँकरचं. दवाखाना परत बदलापूरला. अण्णा पायरीवर बसले, मागच्या जागेत पाऊल मोजून आले आणि म्हणाले, ‘इथं पडलो तर दूधवालीसुद्धा येणार नाही.’ परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही.

शिवाय नदी आहे. उल्हास नदी उन्हाळ्यात पाहिली तर भोळी दिसते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बदलापूरच्या पश्चिमेला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ ला कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस याच बदलापूर-वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आपल्या भागातल्या किती घरांनी त्या दिवशी टीव्हीसमोर श्वास रोखून धरला असेल! पूर आला की चौथा मजला वाचतो आणि अंगणवालं घर बुडतं. म्हणून या पट्ट्यात घर पाहायचं तर मे महिन्यात पाहून भागत नाही, जुलैत एकदा जाऊन यावं. तिथल्या जुन्या माणसाला ‘२००५ ला पाणी कुठवर आलं होतं?’ एवढंच विचारावं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

माझ्या घरचा माणूस

तुम्ही म्हणाल, बाई स्वतः खानापुरात ऐसपैस राहतात आणि दुसऱ्यांचे फ्लॅट तपासतात. म्हणून माझंही सांगते. मी सकाळी साडेआठच्या बसला बसते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, तेव्हापासून आम्हा बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. त्यामुळे गर्दी वाढली आणि बायकांच्या नोकऱ्याही वाढल्या. आधी ‘पगारातला निम्मा बसलाच जातो’ म्हणून घरी बसलेल्या दोघी-तिघी आता मच्छे, पिरनवाडी, उद्यमबागला उतरताना दिसतात. गणेबैलच्या टोलनाक्यावरून बेळगाव गाठायला तास लागतो, परत यायला तास. वर्षाला चारशे-साडेचारशे तास माझेही रस्त्यात जातात, मेहुण्यांच्या निम्म्याहून कमी.

पण माझं घर चालतं ते माझ्यामुळे नाही, माझ्या सासूबाईंमुळे. कौलांच्या माणसाला गाठायचं, मोटरवाल्याला थांबवून ठेवायचं, गॅस घ्यायचा, पोस्टमनला सही द्यायची, मांजराला हाकलायचं, हे सगळं त्या करतात. दोन वर्षांपूर्वी त्या महिनाभर धारवाडला लेकीकडे गेल्या, तर श्रावणात घराच्या भिंतींना बुरशी चढली आणि पाण्याची टाकी दोनदा वाहून गेली. फ्लॅटला कुलूप लावून जाता येतं. घराला माणूस लागतो. लांब नोकरी आणि स्वतंत्र घर असं दोन्ही ज्यांना जमतं, त्यांच्या घरी दिवसभर असणारं कुणीतरी असतं. त्या माणसाच्या कष्टांना पगार नसतो आणि घराच्या कागदावर त्याचं नावही बहुधा नसतं. सासूबाई थकतील तेव्हा आमच्या घराचं काय, हा प्रश्न माझ्यासमोरही आहे. त्याचं उत्तर आज मी देऊ शकत नाही.

मंगळवारची परीक्षा

बदलापूरहून निघायच्या आदल्या रात्री सगळे एकत्र बसले. मी खानापूरचा भाव सांगितला. तो ऐकून मेहुण्यांचे डोळे चमकले, हेही खरं. मग मी म्हटलं, ‘सही करायच्या आधी अण्णांना विचारा.’ अण्णा म्हणाले, ‘घर तुझंच आहे, तू विक. पण मी आहे तोवर मला तिकडं जायला एक दार राहू दे.’ मेहुणे बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, ‘टू बीएचके पुढं बघू.’

घर विकलं गेलं नाही. पुढचा अर्धा भाग बेळगावला नोकरीला जाणाऱ्या एका तरुण जोडप्याला भाड्यानं दिला आहे. मागच्या दोन खोल्या अण्णांच्या. दिवाळी झाली की ते येणार, शिमग्यापर्यंत राहणार आणि उन्हाळा-पावसाळ्यात बदलापूरला, डॉक्टरजवळ आणि नातवंडांजवळ. भाडं हप्त्यात जातं. याची किंमतही कुणीतरी मोजतंच आहे. थोरला नातू दहावीचा अभ्यास हॉलमध्ये टीव्ही बंद करून करतो आणि माझी बहीण अजून वन बीएचकेमध्येच पाच माणसांचे अंथरूण घालते. सगळ्यांना सगळं मिळालं असं झालेलं नाही.

या सगळ्यातून मी माझ्यापुरती एक साधी परीक्षा काढली आहे. स्टाफरूममध्ये आता मी तीच सांगते. फ्लॅट असो, रो हाउस असो की प्लॉटवरचं घर, बयाणा देण्याआधी त्या जागी एक मंगळवार काढा. रविवार नको, रविवारी सगळीच गावं हसरी दिसतात. आणि स्वतः जाऊ नका, तुम्ही तर त्या वेळी नोकरीवरच असणार. घरात जो दिवसभर राहणार आहे त्याला पाठवा. आई असेल, सासरे असतील, नोकरी नसलेली सून असेल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्यांनी तिथं बसावं. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट किती वेळा थांबते, दवाखाना पायी गाठता येतो का, दुपारी दार वाजवलं तर कोण उघडतं, हे त्यांनी पाहावं. संध्याकाळी परत आल्यावर त्यांना फक्त एवढंच विचारा, ‘उद्या पुन्हा जाल का?’

अण्णा कार्तिकात येणार आहेत. मागच्या दोन खोल्यांची कौलं यंदा परतून घेतली आणि न्हाणीघराला खरखरीत फरशी व धरायला दांडी बसवली. पुढच्या भागातल्या त्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे, की सकाळी बसला जाण्याआधी मागच्या दारावर एकदा थाप मारत जा. ती म्हणाली, ‘अक्का, आमच्या घरी अज्जा आहेत, मला सांगायला नको.’